फळीच्या खालची बाजू

फावल्या वेळात घरी आगगाडीची छोटी प्रतिकृती उभारणे, म्हणजे रूळ, स्थानक, सिग्नल आणि डोंगर यांसह एक चालता देखावा तयार करणे, हा छंद आपल्याकडे अजून मुलांच्या खेळातच जमा होतो. पन्नाशी ओलांडलेला सरकारी अधिकारी कार्यालयातून परतल्यावर प्लायवूडच्या फळीखाली उताणा पडून तारा जोडतो, हे ऐकून लोक सौजन्याने हसतात. त्या हसण्याला माझी हरकत नाही. मात्र या छंदातून प्रशासनाविषयी जे शिकता येते ते प्रशिक्षणाच्या व्याख्यानांतून क्वचितच शिकता येते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हा लेख.

पुण्याशी संबंध असलेल्या वाचकांना कोथरूडचे लघुरेल्वे संग्रहालय ठाऊक असेल. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे २००१ साली सुरू झालेले ‘मिनिएटुर वुंडरलांट’ तर आज जगभरच्या प्रवाशांचे आकर्षण झाले आहे. घरी उभारावयाचा देखावा त्यांच्यापुढे अगदीच लहान. परंतु ज्या नियमांनी ते मोठे देखावे चालतात त्याच नियमांनी आठ फूट बाय चार फुटांच्या एका फळीवरचा देखावाही चालतो.

प्रथम वरच्या बाजूविषयी, म्हणजे पाहुण्यांना दिसते त्या बाजूविषयी. सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्यक्ष वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी प्रतिकृती असते आणि दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. साडेतेवीस मीटर लांबीचा आजचा प्रवासी डबा सत्तावीस सेंटिमीटरचा होतो, आणि बावीस डब्यांची गाडी सहा मीटरची. सरकारी निवासस्थानाच्या दिवाणखान्यात ती सरळ रेषेत उभीसुद्धा राहत नाही. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर ज्याहून तीव्र वळण नियमानुसार घेता येत नाही त्याची त्रिज्या १७५ मीटर; प्रतिकृतीत ती दोन मीटर होते, म्हणजे पूर्ण वर्तुळ चार मीटर रुंदीचे. फळी मात्र सव्वा मीटरचीसुद्धा नाही. चढाचेही तसेच. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर तो सुमारे आठ सेंटिमीटर उचलावा लागतो. बोरघाटाचा चढ सदतिसास एक आहे. आपण चाळीसास एक धरला तरी चढायला सव्वातीन मीटर आणि उतरायला तेवढेच, म्हणजे साडेसहा मीटर रूळ हवा. आठ बाय चारच्या फळीवरची एक फेरी जेमतेम सहा मीटरची होते.

त्यामुळे पहिल्याच दिवशी वहीत लिहावे लागते की काय मिळणार नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टंचाई आणि निवड यांची व्याख्या पाठ असते; पण पूल हवा की लांब फलाट, या प्रश्नावर चार संध्याकाळी घालवल्यावर तिचा अर्थ उमगतो. भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्याला आणखी एक तडजोड करावी लागते. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. सत्त्याऐंशीने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात, आणि तयार रूळ तर १६.५ चे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी बनवलेले असतात. उलट कालका-सिमला मार्गाचे किंवा जुन्या बार्शी लाइट रेल्वेचे ७६२ मिलिमीटरचे माप घेतले तर ८.८ मिलिमीटर येतात, आणि ‘एन’ या लहान प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत बसतात. कोणती तडजोड आपण केली आणि का केली, हे लिहून ठेवणारा छंदी माणूस आणि फाइलवर कारणांसह टिपणी लिहिणारा अधिकारी यांचे काम एकच आहे. दोघांनाही नंतर कोणीतरी विचारणार असते.

वरच्या बाजूला डोंगर, बोगदा, स्थानक, तांबड्या मातीचा रस्ता हे सारे बसले की देखावा पूर्ण झाला असे पाहुण्यांना वाटते. खरे काम फळीच्या खाली असते आणि ते कोणी पाहत नाही.

एका साध्या देखाव्याचा हिशेब मांडू. सहा सांधे आहेत असे समजू. सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारी जागा. ती हलवणाऱ्या माणसाला आपल्या जुन्या मराठीत सांधेवाला म्हणत. प्रत्येक सांध्याच्या विद्युत-यंत्राला तीन तारा, म्हणजे अठरा. रुळांचे आठ वेगळे विभाग केले तर प्रत्येकी दोन प्रमाणे सोळा. पाच सिग्नलांना तीन-तीन प्रमाणे पंधरा. अशा एकूणपन्नास तारा झाल्या, आणि अजून स्थानकातील दिवे मोजलेच नाहीत. तारा जोडल्या त्या संध्याकाळी प्रत्येक तार कोठून कोठे जाते ते तोंडपाठ असते. सहा महिन्यांनी त्यातील एक सुटते, आणि तेव्हा पन्नास तारांचा तो गुंता ज्याने घातला त्यालाही अनोळखी वाटू लागतो. म्हणून या छंदातले जुने जाणकार नवशिक्यांना बजावतात की प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, रंगांचा नियम एकदा ठरवा आणि मोडू नका, आणि आराखड्यात बदल केला तर तारेआधी कागद बदला.

वरून निर्दोष दिसणारी योजना खालून अशक्य कशी ठरते याचे एक उदाहरण या छंदात प्रत्येकाला भेटते. गाडी पुढे जाऊन एका मोठ्या वळणाने परत त्याच रुळावर यावी, अशी रचना कागदावर फार सुबक दिसते. पण दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. वळण घेऊन परतणारा डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो, धन आणि ऋण एकत्र येतात आणि शॉर्टसर्किट होते. उपाय आहे: तो विभाग दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर तोडून वेगळा करायचा आणि त्याला स्वतंत्र प्रवाह द्यायचा. ज्या योजनेत खर्च करणाराच कामाचे प्रमाणपत्र देतो आणि त्याच प्रमाणपत्रावर पुढचा हप्ता त्यालाच मिळतो, ती योजना मला नेहमी या वळणासारखी वाटते. तिथेही उपाय तोच, मध्ये कोठेतरी तोड हवी. आपण तिला लेखापरीक्षण म्हणतो.

आता सिग्नलविषयी, कारण या लेखाचा गाभा तिथे आहे. हिरवा दिवा लावण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग असा की सांधा फिरवण्याचे जे बटण आहे त्याच बटणावरून दिव्यालाही प्रवाह द्यायचा. बटण दाबले, सांध्याला आदेश गेला, दिवा हिरवा झाला. पण यंत्र अडकले असेल, मध्ये खडीचा दाणा आला असेल, तर सांधा हलतच नाही आणि दिवा मात्र हिरवा असतो. दुसरा मार्ग कष्टाचा आहे. सांध्याची पाती सरकून रुळाला पूर्ण टेकल्यावरच जुळेल असा एक संपर्क तिथे बसवायचा आणि दिव्याचा प्रवाह त्यातून न्यायचा. मग सांधा खरोखर बसल्याशिवाय दिवा हिरवा होऊच शकत नाही. पहिल्या पद्धतीत दिवा सांगतो की आदेश दिला गेला. दुसऱ्या पद्धतीत तो सांगतो की काम झाले.

आपल्या प्रशासनातील किती अहवाल पहिल्या प्रकारच्या तारेवर चालतात, याचा विचार वाचकांनी करावा. परिपत्रक निघाले, निधी वितरित झाला, समिती स्थापन झाली, प्रशिक्षण दिले. प्रत्येक रकान्यात हिरवा दिवा. नळाला पाणी आले का, मुलाला वाचता येते का, हे विचारणारी तार त्या रकान्यापर्यंत ओढलेलीच नसते. दिल्लीतील आढावा बैठकीत पडद्यावर दिसणारा तक्ता खोटा असतो असे नव्हे. तो बटणाविषयी खरे बोलतो, सांध्याविषयी मात्र त्याला काहीच ठाऊक नसते.

ही केवळ उपमा नाही, हे २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात देशाने पाहिले. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळालेला होता आणि सांधा मात्र बाजूच्या लूप मार्गाकडे वळलेला होता. गाडी लूपवर उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली; तिचे डबे शेजारच्या मार्गावर फेकले गेले आणि बेंगळुरूहून हावड्याकडे जाणारी गाडीही त्यात सापडली. पावणेतीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. प्रत्यक्ष रेल्वेत सिग्नलला सांध्याच्या स्थितीची खात्री करून घ्यावीच लागते. तशी व्यवस्था तिथेही होती. पण ती खात्री वाहून नेणाऱ्या तारांच्या जोडणीतच चूक झाली होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत असे आढळले की सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलांत त्रुटी राहिल्या होत्या आणि समपार फाटकाजवळच्या पेटीतील तारांवरच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे चुकीच्या होत्या. खडगपूर विभागातीलच दुसऱ्या एका स्थानकात १६ मे २०२२ रोजी चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. त्यावरून वेळीच दुरुस्ती झाली असती तर हा अपघात टळला असता, असेही चौकशीत नोंदवले गेले.

तारेवरची चिठ्ठी ही एवढी क्षुल्लक गोष्ट! तिचे उद्घाटन होत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष नसते, ती नीट लावली म्हणून कोणाच्या गोपनीय अहवालात एक ओळ वाढत नाही. ती लावणारा माणूस दोन-तीन वर्षांत बदलून जातो, आणि चूक बाहेर येते तेव्हा तिथे तिसराच कोणी उभा असतो. बदली हे आपल्या सेवेचे वास्तव आहे आणि तिची कारणेही योग्य आहेत. पण बदलीच्या व्यवस्थेला जोड हवी ती खालच्या बाजूच्या नोंदीची. कार्यभार सोडताना आपण ज्या प्रपत्रावर सही करतो त्यात कपाटाच्या किल्ल्या आणि प्रलंबित प्रकरणांची संख्या असते. कोणती तार तात्पुरती म्हणून जोडली होती आणि ती अजून तशीच आहे, याला त्या प्रपत्रात जागा नसते.

सुरक्षिततेचे बहुतेक नियम रेल्वेने प्राण गमावून शिकले आहेत. आयर्लंडमध्ये आर्मा येथे १८८९ साली सहलीला निघालेल्या गाडीचे डबे उतारावर मागे घसरून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले आणि सुमारे ऐंशी जण दगावले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, सांधे आणि सिग्नल यांची परस्परबंधने, आणि सर्व डब्यांना सलग ब्रेक या तीन गोष्टी प्रवासी वाहतुकीत सक्तीच्या झाल्या. तिन्ही गोष्टी तंत्रज्ञांना आधीपासून माहीत होत्या. चूक स्वस्तात कशी करून पाहावी, हा म्हणूनच सार्वजनिक व्यवस्थेपुढचा मोठा प्रश्न आहे, आणि लहान प्रतिकृतीचे मोल त्यात आहे. अर्थशास्त्रातही असा एक प्रयत्न झाला. पुढे ‘फिलिप्स वक्र’ म्हणून ज्यांचे नाव अभ्यासक्रमात आले त्या बिल फिलिप्स यांनी १९४९ मध्ये टाक्या, नळ्या आणि झडपा वापरून अर्थव्यवस्थेची पाण्यावर चालणारी प्रतिकृती बनवली आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ती चालवून दाखवली. कर वाढवला, खर्च कमी केला, की पाण्याची पातळी डोळ्यांदेखत बदले.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वेचा एक क्लब स्थापन झाला. त्यात दोन प्रकारची मुले होती. काहींना डबे, इंजिने आणि देखावा यांत रस होता. काहींना फळीखालच्या टेलिफोन-रिलेंच्या जाळ्यात. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस संस्थेत संगणक आले तेव्हा या दुसऱ्या गटातील काही जण त्यांच्याकडे वळले आणि संगणक-प्रोग्रामिंगच्या आरंभीच्या इतिहासात त्यांचे नाव झाले. देखाव्यावर प्रेम करणारी माणसे मला प्रिय आहेत, पण देश चालवायला ती दुसरी माणसेही हवीत.

या छंदावर घेतले जाणारे आक्षेपही विचारात घेऊ. एक, हा महाग आहे. आयात इंजिन महाग असते हे खरे. परंतु फळी, तारा, जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचे डोंगर आणि बाजारातले साधे दिवे महाग नाहीत. शिकण्याचा भाग बहुतांशी या स्वस्त सामानातच आहे. दोन, अधिकाऱ्याने फावला वेळ अधिक उपयुक्त गोष्टीत घालवावा. आठवडाभर इतरांनी केलेल्या कामावर शेरे लिहिणाऱ्या माणसाने आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वतःच्या हाताने काहीतरी करावे आणि ते चालते की नाही याचा निकाल कोणत्याही शेऱ्याविना मिळू द्यावा, याहून उपयुक्त गोष्ट मला तरी सुचत नाही. फळीला आपला हुद्दा माहीत नसतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रतिकृतीत माणसे नसतात. रात्रपाळी करून थकलेला स्टेशनमास्तर, पावसात गस्त घालणारा गँगमन, अनारक्षित डब्यात दाराशी बसलेला मजूर, हे कोणत्याच प्रमाणात लहान करता येत नाहीत. शिवाय देखावा वरून पाहणाऱ्याला आपण सर्व जाणतो आणि सर्व हलवू शकतो असा भास होतो, आणि प्रशासकाला या भासाची बाधा आधीच पुष्कळ असते. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माझा भर वरच्या बाजूवर नाही. फळीच्या खाली गेलेल्या माणसाला हा भास फार काळ टिकवता येत नाही. तिथे मान वाकवावी लागते आणि एकेक तार हाताने चाचपावी लागते.

यावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात.

१) रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांत स्टेशनमास्तरांना शिकवण्यासाठी मॉडेल रूम असतात. तशी एक खोली मसूरीच्या लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमीत आणि राज्यांच्या प्रशिक्षण संस्थांतही असावी. एका तुकडीने एकेरी मार्ग, एक स्थानक आणि चार सिग्नल एवढाच देखावा उभारावा आणि पुढच्या तुकडीने केवळ मागे ठेवलेल्या लेखी नोंदींच्या आधारे तो चालवावा. गुण पहिल्या तुकडीला द्यावेत, पण ते दुसरीला तो चालवता आला की नाही यावरून. कार्यभार हस्तांतरणाचा यापेक्षा चांगला धडा कोणत्याही पुस्तकात नाही.

२) २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या नावाने शाळांतून प्रयोगशाळा उघडल्या गेल्या. त्यांतून मुले यंत्रमानव बनवतात, स्पर्धा होतात, छायाचित्रे निघतात. तिथे एक प्रकल्प असाही हवा जो एका वर्षात संपत नाही, जो वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांकडे सोपवतात, आणि ज्यात दुरुस्तीला नवनिर्मितीइतकेच गुण असतात. आगगाडीचा देखावा त्यासाठी फार योग्य आहे.

३) प्रत्येक आढावा-तक्त्यात हिरव्या रकान्याशेजारी एक लहान रकाना असावा: ही माहिती बटणावरून आली आहे की सांध्यावरून? म्हणजे आदेश देणाऱ्याने कळवली आहे की ज्याच्यासाठी काम झाले त्याच्याकडून पडताळली आहे? या एका रकान्याला खर्च काहीच येणार नाही. अवघडपणा मात्र पुष्कळ येईल.

महाराष्ट्राबाहेर दिल्ली, भोपाळ, बेंगळुरू किंवा त्याहून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादी रिकामी भिंत आणि शाळकरी मूल असेल. त्यांनी एक फळी आणून सुरुवात करावी, असे मी जरूर सुचवीन. स्थानकाचे नाव आपल्या गावाचे ठेवावे. मुलाला ते गाव कोठे आहे हे तरी कळेल. पण देखावा पाहायला पाहुणे आले आणि वाहवा करू लागले, की मुलाला हळूच फळीखाली न्यावे आणि चिठ्ठ्या वाचून दाखवायला सांगावे. त्याने प्रत्येक तार कोठून कोठे जाते ते सांगितले, तर काम झाले असे समजावे.